कुर्तुबा : महाल गेले, ग्रंथ उरले

स्पेनमधील कॉर्डोबा म्हणजे आपल्या इतिहासातले कुर्तुबा. दहाव्या शतकात युरोपातील सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होत असे. शिक्षणासाठी माद्रिदला असलेले आम्ही तिघे मित्र सुट्टीत ते पाहायला गेलो. वेगवान रेल्वेने हा प्रवास दोन तासांच्या आतच संपतो.

शहरालगत ग्वादलकिवीर नदी वाहते. हे नाव मूळ अरबी 'वादी अल्-कबीर', म्हणजे मोठी नदी. स्पॅनिश भाषेत असे अरबी अंश जागोजाग भेटतात. 'असे घडो' या अर्थी तिथली माणसे सहज 'ओखाला' म्हणतात. त्या शब्दात अल्लाहचे नाव दडले आहे, हे अनेकांच्या ध्यानीही नसते.

नदीवरच्या जुन्या रोमन पुलासमोर जामा मस्जिद उभी आहे. अमीर अब्दुर्रहमान पहिला याने इ.स. 785 च्या सुमारास तिचे काम सुरू केले. पुढील दोनशे वर्षांत ती तीन वेळा वाढवली गेली. आत साडेआठशेहून अधिक खांब आहेत. त्यांतले बरेचसे जुन्या पडक्या इमारतींतून आणलेले, म्हणून उंचीला कमी. मग छत उंच कसे करायचे? कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली. तांबडी वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून बसवला. आज जगभर ओळखले जाणारे ते दृश्य अशा अडचणीतून जन्माला आले!

इ.स. 1236 मध्ये राजा फर्डिनांड तिसरा याने शहर जिंकले आणि मस्जिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात खांबांच्या मधोमध मोठे कॅथेड्रल उभारले गेले. इथे आजही ख्रिस्ती उपासना होते. नमाजाची परवानगी नाही. सोनेरी मेहराबीसमोर आम्ही गप्प उभे राहिलो. जुहरची नमाज नंतर शहरातल्या बागेतील एका लहानशा मस्जिदीत अदा केली.

दुसऱ्या दिवशी बसने मदीनत अझ्-झहराला गेलो. शहराच्या पश्चिमेला सुमारे आठ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी हे भग्नावशेष आहेत. इ.स. 936 च्या सुमारास खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याने ही राजनगरी वसवायला घेतली. वरच्या टप्प्यावर महाल, मधल्या टप्प्यावर बागा, खाली वस्ती आणि मस्जिद. संगमरवरावरची वेलबुट्टी पाहताना आजही नजर हटत नाही.

ही नगरी शंभर वर्षेही टिकली नाही. इ.स. 1009 मध्ये सत्तेसाठी यादवी पेटली, आणि पुढच्या काही वर्षांत मुसलमान सैनिकांनीच ती लुटली, जाळली. मग शतकानुशतके लोक इथले दगड आपल्या बांधकामासाठी नेत राहिले. उत्खनन 1911 मध्ये सुरू झाले, तरी अजून बहुतेक नगरी मातीखालीच आहे. परकी फौज येण्याआधी घरातल्या भांडणानेच घर पाडले होते. ते पडके चौथरे पाहताना हीच गोष्ट मनाला जास्त लागली.

पण याच नगरीच्या नावावरून ओळखला जाणारा एक माणूस आहे : वैद्य अबुल कासिम अझ्-झहरावी. त्याने वैद्यकावर तीस भागांचा 'किताब अत्-तसरीफ' लिहिला. शस्त्रक्रियेच्या भागात हत्यारांची चित्रे काढून ती कशी वापरावीत हे समजावले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्य कित्येक शतके त्यावरून शिकले. खलिफा हकम दुसरा याचे ग्रंथालयही नावाजलेले होते. त्याच्या दरबारात लुबना नावाची विदुषी लेखनिक होती. व्याकरण आणि गणितात ती पारंगत होती. शहराच्या तटबंदीजवळ कुर्तुब्यातच जन्मलेल्या इब्न रुश्दचा पुतळा आहे, हातात ग्रंथ घेतलेला.

जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, असे कुरआन वारंवार सांगतो. अंदलुसच्या आठवणीने उसासे टाकणे सोपे आहे. वाचकहो, त्यापेक्षा आपल्या मोहल्ल्यात पुस्तकांचे एखादे कपाट उघडावे, आणि त्याची किल्ली मुलांइतकीच मुलींच्याही हाती द्यावी. कुर्तुब्याहून आणण्यासारखी भेट आम्हाला तरी हीच वाटली.