न गाजणारी झीज

परोपकारी माणसाला आपण चंदनाची उपमा देतो. माझे विचाराल, तर ती ब्रेक-पॅडला द्यावी! चंदन झिजताना सुगंध तरी देते; हे बिचारे गाडीचा वेग पोटात घालून तापते आणि मागे ठेवते ती काळी धूळ.

मुलगी मोटार घेऊन कसाऱ्याचा घाट उतरणार होती, आणि पुढच्या चाकांतून किरकिर येत होती. तोफांचा सराव ऐकत जगणाऱ्या आमच्या देवळाली कॅम्पात असल्या किरकिरीकडे कोण लक्ष देणार? मीच बाह्या सारल्या. मागल्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली, चाक उतरवले. नवे पॅड १०-१२ मिलिमीटर जाड असते. ३ वर आले की बदलावे. हे २ वर होते!

पिस्टन मागे सारून दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले.

"झालं, बाबा?"

"थांब."

पिस्टन मागे सारल्यावर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जाते. ते घट्ट लागेपर्यंत दाबले, कॅम्पातच एक फेरी मारली आणि मग किल्ली तिच्या हाती दिली.

झिजणाऱ्याचे कौतुक आपण भरपूर करतो. किती उरला आहे, हे मात्र पाहत नाही. घरातल्या माणसांचेही तसेच आहे.