न पेरलेले

साहित्यात ‘बीज’ हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो. शेताच्या मातीत मात्र न पेरलेल्या बियाच असंख्य. त्या सर्वत्र सारख्या नसतात. बांधालगत, शेणखताच्या ढिगाजागी दाट, अन्यत्र विरळ. कुळवाच्या पाळीने त्या वरच्या थरातच राहतात. खोल नांगरट नव्यांना गाडते, जुन्यांना वर आणते. विल्यम बील यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही तर २०२१ मध्येही उगवल्या! वडिलांच्या पश्चात आम्ही रान खोल नांगरले आणि टाकळा माजला. तो त्यांच्या हयातीतल्या एखाद्या राहून गेलेल्या खुरपणीचाही असू शकेल. आईला हे सांगितले, तर म्हणाली, “मग त्यांनाच बोलाव खुरपायला.”