चौसष्ट नंबरचा गंधार

चपला बाहेर! शाळेत एसी फक्त त्या एका खोलीला. हेडसरांच्या केबिनमध्येसुद्धा पंखाच. आत कापडी झाकणाखाली बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर! सरकारच्या १९८४च्या ‘क्लास’ योजनेतून आलेला. बटण दाबलं की आधी एक जाड सूर, लगेच बारीक पिप. वर लाल बटणांची रांग. एका मशीनवर आम्ही तिघं, पण कीबोर्ड मी अडवून बसायचे.

काही चुकीचं टाइप केलं की पडद्यावर एकच शब्द: मिस्टेक. छडी नाही, टोमणा नाही, वहीवर पालकांची सही नाही! सुधारा आणि पुन्हा ‘रन’ म्हणा. इतका शांत मास्तर आठवीपर्यंत मला भेटलाच नव्हता.

आणि मग ‘साउंड’ ही आज्ञा! पुढे चार आकडे: चॅनल, जोर, पट्टी, वेळ. पट्टीच्या जागी ५३ टाकलं की सा. ६१ रे, ६९ ग, ७३ म... अगं, हे तर पेटीचंच गणित! काळी-पांढरी धरून लगतच्या दोन पट्ट्यांत चाराचं अंतर. आठ आकडे ‘डेटा’त भरले, लूप लावला, रन! सारेगमपधनीसा! लूप चुकून नऊ फेऱ्यांचा लिहिला होता, म्हणून शेवटी ‘आउट ऑफ डेटा’. नवव्यांदा हात घातला तर डबा रिकामा. मला तर तेही ग्रेट वाटलं.

त्या मशीनची मेमरी अवघी ३२ के. त्याची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनीच पुढे स्टीव्ह फर्बर यांच्याबरोबर एआरएम प्रोसेसर घडवला, ज्याचे वंशज आज आपल्या फोनमध्ये आहेत, हे खूप नंतर कळलं. तोवर मी कोड लिहूनच पोट भरत होते.

पण तेव्हा डोक्यात एकच: चाराचं अंतर, तर मधल्या आकड्यांवर काय असेल? बाबा नेहमी म्हणायचे, दरबारी रागाचा गंधार पेटीत सापडत नाही, कोमलच्याही खाली उतरतो. कोमल गंधार ६५. मी ६४ टाकला.

वाजला! दोन पट्ट्यांच्या फटीत लपलेला सूर!

धावत घरी. बाबांनी पेटीचा भाता मिटला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, पण त्याला आंदोलन देता येतं का गं?”

दुसऱ्या दिवशी सरांनी जाडजूड मॅन्युअल चाळून सूर डोलवणारी आज्ञा शोधली, ‘एन्व्हलप’. तिच्यापुढे चौदा आकडे लिहायचे होते. चौदा! मी वहीचं नवं पान उघडलं.