तो ठिपका का थांबलाय?

ढाब्यावरचा दाल तडका आपल्या सगळ्यांना माहितीय. पण ज्याच्यासाठी ढाबा सुरू झाला, त्या ट्रक ड्रायव्हरला तिथं रात्री काय मिळतं? भिवंडी ते इंदूर, एका ट्रकच्या केबिनमधून...

माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात होतं. ठाण्यातल्या एसी ऑफिसात बसून मी स्क्रीनवरचे ठिपके बघतो. हिरवा ठिपका म्हणजे ट्रक चालतोय, लाल म्हणजे थांबलाय. लाल ठिपका 30 मिनिटं हलला नाही की सिस्टीम बीप करते आणि मी ड्रायव्हरला फोन लावतो. 'काका, गाडी का थांबली?' बस्स. चार वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे!

जानेवारी 2024 चा पहिला आठवडा आठवतोय? थर्टी फर्स्टची झोप पुरी व्हायच्या आत पेट्रोल पंपांवर ही भलीमोठी लाइन! हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. पुढे 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. पण त्या दोन दिवसांत माझी अख्खी स्क्रीन लाल होती. फोन करून 'का थांबली' विचारण्यात अर्थच नव्हता, कारण उत्तर सगळ्या देशाला माहीत होतं. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. आपण ज्यांना 'चला, चला' म्हणतो, ते रात्री थांबतात तरी कुठे?

शेवटी गेल्या हिवाळ्यात मी बॉसला म्हटलं, एक ट्रिप करून येतो. बॉस म्हणाला, 'जा की. पण गाडी लेट नको.'

भिवंडी : दुपारचे बारा

ट्रकचे सारथी होते आप्पा. धुळे तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, 27 वर्षं स्टिअरिंगवर. सोबत क्लीनर नाही. 'पहिले असायचा. आता भाड्यात दोन माणसं परवडत नाहीत.' मला ते 'साहेब' म्हणत होते. साहेब म्हणून मी रुबाबात केबिनमध्ये चढलो आणि पहिल्याच पायरीवर गुडघा फोडून घेतला.

भिवंडीच्या गोदामांच्या रांगा तुम्ही पाहिल्या नसतील, पण तुमचा मोबाइल, शूज आणि मिक्सर यांनी नक्की पाहिल्यात. आमच्या गाडीचा नंबर सकाळी 11 ला लागला होता. माल भरून संपला संध्याकाळी 7 ला! आठ तास. आत स्वच्छ टॉयलेट होतं, वॉटर कूलर होता, पण ते स्टाफसाठी. ड्रायव्हरनं गेटच्या बाहेर थांबायचं. बाहेर म्हणजे कुठे? तर ट्रकच्या सावलीत. एक चहाची टपरी, आणि 'त्या' कामासाठी कंपाउंडमागची झुडपं. मी आयकार्ड गळ्यात घालून आत जाऊन आलो. आप्पा गेले नाहीत. 'आपल्याला नाही सोडत हो ते,' एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं.

गंमत बघा. हे आठ तास आमच्या सिस्टीममध्ये 'लोडिंग' म्हणून जमा होतात. बीप होत नाही. कुणी गोदामाला फोन करून विचारत नाही, 'काका, गाडी का थांबली?'

कसारा : रात्रीचे पावणेदहा

पडघा, शहापूर मागे टाकत घाटाच्या पायथ्याशी आलो. चहाची तल्लफ आली होती. समोर एक झगमगीत फॅमिली रेस्टॉरंट. भिंतीतून बाहेर आलेलं अर्ध्या ट्रकचं तोंड, त्यावर रंगीत गोंडे आणि मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये व्यावसायिक गाड्यांवर हे लिहायला बंदी घातली. म्हणजे खऱ्या ट्रकवरून ते पुसलं गेलं आणि आपल्या टी-शर्टवर, हॉटेलांच्या भिंतींवर येऊन बसलं!

आप्पांनी गाडी वळवायला घेतली तर शिट्टी. वॉचमन धावत आला. 'ट्रक पुढे घे, ट्रक पुढे! इथे फॅमिली पार्किंग आहे.' खोटा ट्रक भिंतीवर चालतो, खरा ट्रक पार्किंगमध्ये चालत नाही. वॉचमन तरी काय करणार? तोही दुसऱ्याचीच नोकरी करतोय. त्यातही त्यानं मला 'सर' म्हटलं आणि माझ्या बापाच्या वयाच्या आप्पांना 'ए'. आम्ही चहा न पिताच घाट चढलो.

चांदवड : रात्रीचा सव्वा

नाशिक ओलांडलं, ओझर मागे पडलं. माझं पोट आता आंदोलन करत होतं. रस्त्यात किमान दहा ढाबे दिसले. प्रत्येक वेळी मी आशेनं बघायचो आणि आप्पा मान हलवायचे. शेवटी चांदवडच्या पुढे एका साध्याशा ढाब्यावर गाडी आत घेतली. ना बोर्ड, ना लायटिंग. मी विचारलं, 'इथलं जेवण एक नंबर आहे का?'

आप्पा हसले. 'जेवण कुठेबी मिळतं, भाऊ. इथं झोप मिळते.'

साहेबाचा भाऊ झालो होतो. आणि ड्रायव्हर ढाब्याला रेटिंग कसं देतो, ते मला पहिल्यांदा कळलं. पहिला स्टार जमिनीला. ती सपाट आणि पक्की हवी, नाहीतर पावसात भरलेली गाडी रुतते. दुसरा उजेडाला. अंधारात टाकीतलं डिझेल चोरीला जातं, ताडपत्री फाडून माल काढतात आणि भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून कापली जाते. तिसरा रात्री जागणाऱ्या माणसाला. चौथा पाण्याच्या टाकीला, आंघोळीसाठी. पाचवा खाटेला. दाल तडका या यादीत कुठेच नव्हता!

जेवण मात्र फर्मास होतं. लालबुंद शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा. संडास एकच, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. दोन-अडीच डझन ट्रक उभे होते. आंघोळ उघड्यावर, टाकीजवळ. कुठल्याही ऑफिसात अशी एक दिवस सोय झाली तर आपण एचआरला केवढे मेल टाकू, विचार करा.

दोन वाजता आप्पा खाटेवर आडवे झाले आणि मिनिटभरात घोरायला लागले. त्यांचा फोन माझ्याजवळ होता. मी तारे मोजत पडलो होतो. 2 वाजून 40 मिनिटांनी फोन वाजला.

'काका, गाडी का थांबली?'

माझंच वाक्य. नाइट शिफ्टला माझाच सहकारी. तोच सूर, थोडा कंटाळलेला, थोडा दरडावणारा. मी म्हटलं, 'अरे, मी बोलतोय. आप्पा झोपलेत.'

तो गडबडला. मग म्हणाला, 'ओके यार... पण सिस्टीममध्ये रिझन काय टाकू?'

यादी मला पाठ होती. टायर पंक्चर, ब्रेकडाउन, ट्राफिक, चेकिंग, डिझेल, जेवण. त्यात 'झोप' नव्हतं. चार वर्षं मी ती यादी रोज बघत होतो आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

'जेवण टाक,' मी म्हणालो.

धुळे : सकाळचे सात

ड्रायव्हरला किती तास काम द्यावं, हे काही नवं शोधायचं नाहीये. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात साधारणपणे दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. जीएसटीचं ई-वे बिलसुद्धा साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस देतं. भिवंडी ते इंदूर साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे कागदावर तीन दिवस. आमच्या क्लायंटला माल हवा होता दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. मधला सगळा फरक ड्रायव्हरच्या झोपेतून जातो.

लालिंगचा किल्ला उजाडताना दिसला. धुळं मागे टाकलं आणि एका पंपावर आम्ही थांबलो. तिथं ट्रकवाल्यांसाठी डॉर्मिटरी होती. सरकारी तेल कंपन्यांची 'अपना घर' नावाची योजना आहे. पंपावरच खाटा, न्हाणीघर, स्वच्छ टॉयलेट, स्वतः रांधायला जागा. जुलै 2025 मध्ये देशभरात अशी 368 ठिकाणं आणि 4,611 खाटा होत्या. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी हायवेंवर पहिल्या टप्प्यात 1,000 विश्रांतीगृहांची घोषणा केली होती. नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करणारी अधिसूचनाही निघाली. आप्पांची गाडी 2017 ची, त्यामुळे त्यांचा एसी म्हणजे खिडकी.

मी आत डोकावलो. चादरी धुतलेल्या, गरम पाणी. हरखून आप्पांना म्हटलं, 'इथे झोपायचं की राव!'

आप्पा टायर ठोकून बघत होते. 'खाट चांगली आहे, भाऊ. वेळ कोण देईल?'

माझ्याकडे उत्तर होतं, कारण वेळ न देणारा मीच होतो. खाट सरकार देईल, टॉयलेट पंपवाला देईल, एसी गाडीची कंपनी देईल. पण 30 मिनिटांनी होणारी ती बीप आमच्या ऑफिसात बसलीय. ती चालू असेपर्यंत देशातली सगळ्यात भारी डॉर्मिटरीसुद्धा रिकामी राहणार.

सेव्हलाइफ फाउंडेशनचा 2020 चा एक अहवाल आहे. त्यात 84 टक्के ड्रायव्हरांनी सांगितलं होतं, की हा धंदा आपल्या घरच्यांना करायला सांगणार नाही. आप्पांचा मुलगा आयटीआय करतोय. 'त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही,' ते म्हणाले. अभिमानानं.

आणि मग...

इंदूरला दुपारी दोनला पोचलो. चार तास लेट. गाडी खाली व्हायला संध्याकाळ झाली, म्हणजे त्या घाईचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही.

परत आल्यावर मी दोन मेल टाकले. एक : रात्रीचा पाच तासांचा हॉल्ट आधीच धरून डिलिव्हरीची वेळ द्यावी. उत्तर आलं, 'क्लायंटशी बोलून बघू.' अजून बोलणं चालू आहे. दुसरा : कारणांच्या यादीत 'झोप' टाकावं. ते दोन महिन्यांनी झालं. आयटीवाल्या मुलाला त्यासाठी पाच मिनिटं लागली.

आता नाइट शिफ्टला चांदवडजवळ एखादा ठिपका लाल झाला, तर मी फोन उचलत नाही. कारण निवडतो, एंटर दाबतो आणि त्याला झोपू देतो.

हायवेवर जाताय? एवढं करा

• ट्रक टर्मिनलमध्ये किंवा ट्रकसाठी ठेवलेल्या ले-बायमध्ये सेल्फीसाठी कार लावू नका. ती कुणाची तरी बेडरूम आहे.

• रात्री समोरून ट्रक आला तर डिपर द्या. 12 तास जागलेल्या डोळ्यांवर तुमचा हाय बीम नको.

• सोसायटीत किंवा ऑफिसात माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरला टॉयलेट कुठे आहे ते सांगा. त्यानं विचारायच्या आधी.

• ऑर्डर देताना घाई नसेल तर उशिराचा स्लॉट निवडा. आणि वयानं मोठ्या माणसाला 'ए' नाही, 'काका' म्हणा. फुकट आहे.