दुहेरीचा संसार

आपल्या लोकांना एकट्याने जिंकणारा माणूस चटकन समजतो. क्रिकेटमध्ये अकरा जण घाम गाळत असले तरी आपण ओरडणार एकाच्याच नावाने. गाण्याच्या बैठकीची पत्रिका बघा. गवयाचे नाव ठसठशीत, आणि तबलजी कुठे तरी खाली, 'चहापानाची सोय केली आहे' ह्याच्या शेजारी.

बॅडमिंटनमधल्या दुहेरीची आपल्याकडे वर्षानुवर्षे हीच गत होती. प्रकाश पदुकोण, गोपीचंद, साईना, सिंधू ही नावे आमच्या मातोश्रींनादेखील पाठ आहेत. जुन्या माणसांना आमच्या सांगलीचे नंदू नाटेकर आठवतात. १९५६ साली क्वालालंपूरला जाऊन परदेशातले विजेतेपद आणणारे ते पहिले भारतीय. पण १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुरुष दुहेरीचे ब्राँझ कोणी मिळवले, असे विचारा. प्रदीप गंधे आणि लिरॉय डिसा, हे उत्तर मी आमच्या सोसायटीच्या जिन्यात तिघांना सांगून पाहिले. त्यातल्या एकाने "कितव्या मजल्यावर राहतात?" असे विचारले.

वास्तविक खेळ आपल्याच अंगणातला. गोऱ्या पलटणींनी त्याला 'पूना' असेच नाव दिले होते. पुढे तो विलायतेला गेला आणि तिथल्या कुणा ड्यूकसाहेबांच्या वाड्याचे नाव लावून परत आला. शिकायला गेलेली मुले नाही का नाव बदलून परत येत!

हे सारे उगाळण्याचे कारण आमचा भाचा. वय वर्षे पंधरा, उंची बापापेक्षा चार बोटे जास्त, आणि भूक दोन माणसांची. त्याच्या क्लबातल्या सरांनी एक दिवस सांगितले, "ह्याला आता एकेरी पुरे. दुहेरीत घालू." झाले! आमचे भाऊजी बँकेत अधिकारी आहेत. कर्जबुडव्यापुढेही त्यांचा चेहरा कधी पडत नाही, पण त्या संध्याकाळी पडला. सायन्सला नंबर लागला नाही, आर्ट्सला घाला, असे कुणी सांगावे तसा.

"म्हणजे एकट्याने जमत नाही म्हणून जोडीदार दिला," ते म्हणाले. "कुबडीच की!"

ताईने कांदेपोहे पुढे केले. ते त्यांनी खाल्ले, पण दुःखाने खाल्ले. त्यांची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात पेपराचे शेवटचे पान आधी वाचणारा मी एकटाच.

मी त्यांना चिराग शेट्टीची गोष्ट सांगितली. १९९७ चा जन्म, वाढला मुंबईत. आणि दुसरा सात्विकसाईराज रंकीरेड्डी, २००० सालचा, आंध्रातल्या अमलापुरमचा. म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वराला उगवलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या नारळीच्या मुलखातला. वडील शाळेत व्यायामशिक्षक. एकाच्या घरी तुळू, दुसऱ्याच्या घरी तेलुगू. २०१६ च्या सुमारास मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी ह्या दोघांची मोट बांधली. मध्यस्थाने पत्रिका न बघता लग्न जुळवावे तसला प्रकार. त्यातून दोघेही मागून दणकेबाज स्मॅश मारणारे. पुढे जाळ्यापाशी उभे राहून नाजूक कलाकुसर करायची कोणी? दोन सासवा एका स्वयंपाकघरात म्हणतात ते हेच.

दुहेरीचे मैदान रुंदीला एकेरीपेक्षा अवघे तीन फूट जास्त. पण त्या वीस फुटांत दोन धिप्पाड माणसे दोन रॅकेटी घेऊन धावतात आणि एकमेकांची डोकी फोडत नाहीत, ह्याला काही तरी शास्त्र हवे. हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघे शेजारी शेजारी. आणि ही जागांची अदलाबदल कोणी हाक न मारता, डोळ्याचे पाते लवायच्या आत. सगळ्यात अवघड ते दोघांच्या मधोमध येणारे फूल. तुझे की माझे? आमच्याकडे गॅसचा नंबर लावण्याच्या बाबतीत गेली बावीस वर्षे हाच प्रश्न आहे. फूल मधोमध पडते आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतो.

ह्या पोरांना ते जमले. २०१९ साली त्यांनी थायलंडची स्पर्धा जिंकली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, मात्र नशिबाने थट्टा केली. गटातल्या तीनपैकी दोन लढती जिंकल्या, तरी गेमांच्या हिशेबात बाहेर! आणि ज्या तैवानी जोडीला ह्यांनी हरवले, ती पुढे जाऊन सुवर्णपदक घेऊन घरी गेली. हा हिशेब मी भाऊजींना कागदावर मांडून दाखवला. हिशेब म्हटल्यावर ते सावरून बसले. दोनदा तपासून म्हणाले, "बरोबर आहे. पण अन्याय आहे."

पुढचे मग त्यांनीच ऐकून घेतले. २०२२ च्या थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाविरुद्ध ह्यांनी पहिला गेम गमावून लढत खेचून आणली आणि चषक प्रथमच भारतात आला. २०२३ तर दिवाळीचेच वर्ष. आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया ओपन, हांगचौला आशियाई सुवर्ण आणि त्यापाठोपाठ जगात पहिला क्रमांक. त्याच वर्षी जपानमध्ये सात्विकचा स्मॅश मोजला, तो ताशी ५६५ किलोमीटर भरला. त्या वेगाने पुण्याहून मुंबई सोळा मिनिटांत येते. फुलाला घाटात ट्रॅफिक लागत नाही हे खरे, पण तरीही.

"आणि पॅरिसला?" भाऊजींनी नेमके विचारले. बँकेतली माणसे थकबाकी विसरत नाहीत.

पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये उपान्त्यपूर्व फेरीत मलेशियाच्या चिया-सोह जोडीने पहिला गेम गमावूनही ह्यांना हरवले. त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. एकेरीत हरणारा निदान स्वतःवर चिडू शकतो. इथे शेजारी उभा असलेल्याची चूक दिसत असते आणि तोंड मिटून त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. मला हे ५६५ किलोमीटरपेक्षा अवघड वाटते. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, त्याच पॅरिसमध्ये, त्याच सभागृहात, त्याच चिया-सोहला त्यांनी सरळ दोन गेममध्ये उडवले आणि ब्राँझ आणले. २०२२ मध्ये एक ब्राँझ आलेच होते, हे दुसरे.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. भाचा दाराआडून ऐकत होता. त्याचे पाय दिसत होते.

"ह्याला जोडीदार कोण दिलाय?" अखेर ते म्हणाले.

"आहे एक डोंबिवलीचा," दाराआडून उत्तर आले. "डावखुरा आहे."

"घरचे कसे आहेत? वडील काय करतात?"

रविवारी आम्ही चौघे डोंबिवलीला गेलो. त्या मुलाच्या आईनेही कांदेपोहे केले होते. पोरे गच्चीवर पळाली आणि दोन्ही बाप समोरासमोर बसून एकमेकांना न्याहाळत राहिले. निघताना भाऊजी माझ्या कानात कुजबुजले, "माणसे बरी वाटतात. पण मुलाला दोनदा हाक मारावी लागते रे. मधोमध आलेले फूल सोडायचा!"