सात वाजताचा फोन

आमच्या घरात दारूला नाव नव्हते. अम्मी नुसते 'वो' म्हणायची. "आज फिर वो किया क्या?" एवढेच ती भाभीला विचारायची आणि भाभी मान खाली घालून चपाती लाटत राहायची. जुन्या नाशकातले आमचे घर, भिंतीला भिंत लागलेली. इकडे कप फुटला तर पलीकडे ऐकू जातो. तरीही दहा वर्षे आम्ही भाईजानचे पिणे मोहल्ल्यापासून लपवले अशा समजुतीत होतो. मोहल्ल्याने ती समजूत मोडली नाही, हे त्याचे उपकारच.

भाईजान टेम्पो चालवतात. पंचवटीच्या मार्केट यार्डातून रात्री भाजी भरायची आणि पहाटे मुंबईत उतरवायची. सुरुवात थकव्यावर औषध म्हणून झाली. पुढे थकवा नसला तरी औषध लागू लागले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. केल्यामुळे कोणालाही समजावता येते अशी माझी खात्री होती. मी भाईजानना यकृताबद्दल सांगितले, मुलांबद्दल सांगितले, हराम-हलाल सांगितले. एकदा कुरआनवर हात ठेवून कसम घ्यायला लावली. ते रडले, तौबा केली आणि ती खरीच केली. अकराव्या दिवशी पिऊन आले. आता पिण्याच्या शरमेवर कसम मोडल्याची शरम चढली, आणि शरम बुजवायला त्यांच्याकडे एकच उपाय होता. दारूची मनाई कुरआनातही एका दमात आली नाही. सूरह बकरा, मग निसा आणि शेवटी माइदा, अशी ती टप्प्याटप्प्याने आली, हे मी वर्गात शिकवते. थोडी चालते असा याचा अर्थ अजिबात नाही. पण माणूस कसा सुटतो याचा त्यात काही विचार असावा, हे मला घरात सुचले नाही.

रमजानात मात्र ते पूर्ण बंद ठेवत. "देखो, तीस दिन नहीं पिया. मेरे को आदत नहीं है." आम्हालाही ते पटायचे. ईदच्या रात्री पुन्हा सुरू व्हायचे.

२०२२ च्या रमजानात दुसऱ्या रोजाला त्यांचे हात कापू लागले. इफ्तारला सरबताचा ग्लास धरवेना. तिसऱ्या दिवशी सेहरीला ते दस्तरखानावरच कोसळले, तोंडाला फेस आला. अम्मीला वाटले आसेब आहे; शेजारून तावीज आणण्याचा सल्ला आला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक थांबवली तर दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. मी बाकावर बसून ऐकत होते. 'आजच्या आज सोडा' हे माझेच वाक्य होते.

तेथून पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्यात सुरू केलेले हे केंद्र, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला आर्थिक हात दिला. तिथे समुपदेशन करणाऱ्यांत बरेच जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. भाईजान महिनाभराने परतले तेव्हा चेहरा उजळला होता. पण केंद्राला भिंती असतात, नाशकात रोज संध्याकाळ होते.

नाशकात त्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा गट शोधला. बैठक एका चर्चच्या आवारात. "चर्चमें?" अम्मीने कपाळाला हात लावला. तिथे देव ज्याचा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानायचा असतो, हे तिला पटायला दोन महिने लागले. गटात त्यांना एक काका भेटले. नाशिकरोडला राहणारे, निवृत्त, अनेक वर्षे न प्यायलेले. त्यांना 'स्पॉन्सर' म्हणतात. हल्ली मोठ्या शहरांत पैसे घेऊन असे काम करणारे कोचही असतात. काका पैसे घेत नाहीत. ते डॉक्टर नाहीत आणि गोळ्यांबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

नियम एकच: फोन ग्लासाच्या आधी करायचा, नंतर नाही. रोज संध्याकाळी सात वाजता. काका विचारायचे, जेवलास का? कोणावर चिडलायस का? एकटा आहेस का? झोप झाली का? पहिले काही दिवस मी दाराआड कान देऊन ऐकले. उपदेश येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. मला थोडा रागच आला. मी दहा वर्षे बोलले त्याला किंमत नाही आणि हा परका माणूस जेवणाची चौकशी करतो!

एकदा काका घरी आले. मला म्हणाले, "ताई, तुम्ही त्याचा वास घेणं बंद करा. त्याची उधारीही तुम्ही फेडू नका." मग हसून म्हणाले, "आणि मी त्याच्यावर उपकार करतोय असं समजू नका. त्याचा फोन आला की माझीही संध्याकाळ निघते." १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सनला पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्याने दुसरा दारुडा शोधण्यासाठी फोन फिरवले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि ही चळवळ सुरू झाली. काकांचे म्हणणे मला हे वाचल्यावर कळले.

पुढचा रमजान आला तेव्हा काका घाबरले. दिवसभर भूक, रात्री अपुरी झोप. भाईजान म्हणाले, "काका, रोजेकी भूख अलग होती." तरी डॉक्टरांना विचारूनच रोजे धरले आणि फोन इफ्तारच्या आधी अर्धा तास असा ठरला.

मध्ये एकदा पाय घसरला. चार दिवस फोन बंद. पाचव्या दिवशी भाईजाननी रडत सगळे सांगितले. काका म्हणाले, "उद्या बैठकीला ये. येताना जेवून ये." बस.

भाभी अजून नातेवाइकांच्या गटात जात नाही. लोक काय म्हणतील, म्हणते. मी आग्रह धरत नाही, एवढे शिकले.

गेल्या महिन्यात तीन घरे पलीकडची एक बाई शाळेच्या फाटकाशी थांबली होती. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाजी, तुम्हारे भाईका वो छूटा ना? वो काकाका नंबर है क्या?" मी म्हटले, काकांना विचारून देते, पण भाईजानचा आत्ताच घे. कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. मग परत वळून विचारले, "मराठीतच बोलना पडता क्या?"

"नहीं," मी म्हटले, "जैसा आता वैसा बोलो."