धनगराच्या वाड्यावरील मंडळी

बेट म्हटलें कीं चहूंबाजूंस पाणी, असें आपण भूगोलांत शिकतों. परंतु दुकान, दवाखाना व शेजार ह्यांपासून दूर राहून आपलीं जनावरें आपणच सांभाळावयाचीं, हें जर बेटावरील संसाराचें लक्षण धरिलें, तर तसा संसार आपल्या सातारा-सांगलीच्या माळावरही पाहावयास मिळतो. हें बेट ठरावीक मुक्कामानंतर उठून पुढें चालूं लागतें, एवढाच काय तो फरक. आम्ही धनगराच्या वाड्याविषयीं बोलत आहों.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतात. महाबळेश्वरास दोनशें इंचांहून अधिक पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यांतील माणांत तो वीस इंचांच्या आसपास. तेथें केवळ शेतीवर पोट भरत नाहीं. सबब मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोंकणांत किंवा नदीकांठच्या मुलुखांत उतरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कारण कोंकणांतील मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीस सोसत नाहीं.

कांहीं कुटुंबें मिळून एक वाडा होतो, आणि त्यांतील प्रत्येक प्राण्यास आपलें काम असतें. मेंढ्यांपासून लोंकर मिळते व लेंडी मिळते. रात्रीं ज्याच्या शेतांत त्या बसवाव्या, तो खताच्या मोबदल्यांत धान्य किंवा पैसे देतो. शेळीचें दूध मुलांस आणि आईवेगळ्या कोंकरांस. कोंबड्या अडीअडचणीस, कुत्रा लांडग्याच्या भयास.

ह्या सर्वांत मान घोड्याचा. भीमेच्या खोऱ्यावरून ज्यास भीमथडी हें नांव पडलें, तें हें तट्टू अंगानें ठेंगणें, पण मोठें काटक. मराठ्यांच्या घोडदळांत त्यानें नांव मिळविलें. आज तें धनगराचें बिऱ्हाड वाहतें. भांडीं, दाणे, वाघुरीचें जाळें, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, कधीं तान्हें मूलही त्याच्या पाठीवर असतें. पुरुष कळप चारीत आडवाटेनें येतात. बायका घोडीं घेऊन आधीं मुक्कामीं पोंचतात व चूल मांडितात. दोन्ही बाजूंस ओझें सारखें नसेल तर घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेलें घोडें म्हणजे थांबलेला संसार.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनें अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याच वेळच्या यादींत अंदमान बेटांवरील शेळी, डुक्कर व बदक ह्यांचीही नांवें आहेत. समुद्रांतलें बेट आणि माळावरलें बेट एका पानावर आलें, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. अडचणीच्या मुलुखांत जीं जनावरें टिकलीं, त्यांचे गुण दूरवर उपयोगी पडतात. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें (स्थापना १९६८) बंगालच्या सुंदरबनांतील गारोल नांवाची चिमुकली मेंढी आणून दख्खनीशीं तिचा संकर केला. दख्खनीस बहुधा एकच कोंकरूं होतें. गारोलास जुळीं होतात, व तो गुण पुढच्या पिढींत उतरतो. परंतु जुळ्यांस दूध अधिक लागतें, आणि दुधासाठीं आईस चारा अधिक लागतो. म्हणजे कळप वाढविण्यापूर्वीं चारा मोजावा, हा जुना धडा नव्या विद्येसही सुटला नाहीं.

एका फाल्गुनांत मिरजेजवळच्या शेतांत उतरलेल्या वाड्यावर आम्ही संध्याकाळीं जाऊन बसलों होतों. कळप वाघुरींत शिरतांना घरधनी एकेक मेंढी न्याहाळीत होता. लंगडणारी कोणती, न चरलेली कोणती, हें त्यानें मोजण्यापूर्वींच ओळखिलें. गुरांचा डॉक्टर दूर. तेथें धन्याचा डोळा हेंच पहिलें औषध. मग तो म्हणाला, “गुरुजी, पोराला शाळंत घातलं तर घोडं कोन धरनार? आन् न्हाई घातलं, तर त्येनं जल्मभर घोडंच धरायचं का?”

प्रश्न दोन्ही बाजूंनीं खरा होता. ऊस वाढला, माळांस कुंपणें पडलीं, सडकेवर मोटारींची गर्दी झाली. चरावयाची जागा वर्षानुवर्षें आक्रसत आहे. पण घोडें विकलें तर उद्यांचा मुक्काम कसा गांठावा? पुढें त्या घरानें मुलास गांवीं आजीजवळ ठेविलें, आणि घोडें धरावयास त्याची बहीण गेली. तिच्या शाळेचा प्रश्न उरलाच. अशा मुलामुलींसाठीं सरकारी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वाड्यावर समजावून सांगण्याचें काम गांवांतील शिकल्यासवरलेल्यांचें आहे.

असाच एक मुलगा आमच्या वर्गांत होता. एका हिशेबाचें उत्तर त्यानें “साडेतीन खंडी आणि चार” असें दिलें, तेव्हां मुलें हंसलीं. मेंढरांची खंडी म्हणजे वीस. चौऱ्याहत्तर हा आंकडा त्यानें कागदावांचून काढिला होता. हंसणाऱ्यांपैकीं पुष्कळांचें गणित अद्याप वहींतच होतें.

पवित्र शास्त्रांत याकोबाची गोष्ट आहे. एसाव बरोबर चालण्याचा आग्रह करूं लागला, तेव्हां याकोबानें त्यास पुढें जाऊं दिलें, व आपण लेंकरांच्या आणि दुभत्या गुरामेंढरांच्या चालीनें मागून गेला. एक दिवस दामटलें तरी कळप मरेल, हें तो जाणून होता. वाड्याचा नियमही हाच. सर्वांत दुबळ्याच्या बेतानें मजल ठरते, आणि ज्यास चालवतच नाहीं त्यास घोड्याच्या पाठीवर जागा मिळते. वर्गाची व घराची मजलही अशीच ठरावी, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, सडकेवर कळप आडवा आला तर वडिलांस भोंगा वाजवूं देऊं नका. शेवटचें कोंकरूं पलीकडे जाईपर्यंत थांबा. आणि त्यामागें घोडें धरून तुमच्याच वयाची कोणी मुलगी जात असेल, तर तिला रामराम करा.